सहासष्ट हिरव्या ओळी

सोमवार, २ मार्च. सकाळी ९.१०

कापसाच्या काडीने कीबोर्डच्या फटींतली धूळ काढत आहे. दोन बटणांच्या मध्ये बिस्किटाचा कण सापडला. माझा नाही. मी बिस्कीट टेबलापासून लांब उभा राहून खातो.

आज मॅडमनी काम दिलं. संगणक विभागाच्या त्या प्रमुख. विभागात त्या आणि मी. चष्म्याच्या काचा घासायच्या या कारखान्यात दुकानांच्या ऑर्डरी उतरवून घेणं, मशीनखोलीत पावती छापणं, संध्याकाळी सगळ्याचा बॅकअप घेणं, हे सारं अकरा शेल स्क्रिप्ट करतात. आधीच्या प्रोग्रॅमरने त्या सगळ्यांचं मिळून एक फ्रेमवर्क बांधलं आणि तो निघून गेला. एकाही स्क्रिप्टला युनिट टेस्ट नाही. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक स्क्रिप्टला निदान सहा तरी टेस्ट लिही, एकतीस तारखेला मालकांसमोर चालवून दाखवू. त्याच दिवशी माझे तीन महिने भरतात. त्याच दिवशी ठरणार, मला कायम करायचं की नाही.

अकरा सक सहासष्ट. या महिन्यात कामाचे दिवस बावीस. बावीस त्रिक सहासष्ट! रोज तीन. मला वाटतं, नियतीलाही टेबल नीट आखून ठेवायची सवय असावी.

ही रोजनिशी टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवत आहे. ते फोल्डर ऑर्डरींच्या शेजारीच केलं, म्हणजे त्याचाही रोज बॅकअप होईल. आणि टेस्टचं फोल्डर आपण होऊन कोणी उघडत नसतं. इतकी सुरक्षित जागा घरीही नाही. घरी मी ताईच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो.

मंगळवार, ३ मार्च

टेस्ट: ०. पण पाया घातला. जुन्या प्रोग्रॅमरने स्क्रिप्टांमध्ये ज्या टिपा लिहून ठेवल्यात त्यांत शुद्धलेखनाच्या एकशे चाळीस चुका होत्या. सगळ्या सुधारल्या. स्वल्पविरामही घातले. मॅडमनी विचारलं, किती झाल्या? म्हटलं, पाया झाला. त्या म्हणाल्या, बरं, भिंतींचं कळव.

फाइलींच्या नावांचा नियमही ठरवला. शब्दांच्या मध्ये स्पेस नाही, खालची आडवी रेघ. माझ्या फोल्डरमध्ये एकाही नावात स्पेस नाही. दिसायलाही किती शिस्तीचं दिसतं!

बुधवार, ४ मार्च

पहिली टेस्ट! बॅकअपची स्क्रिप्ट जागेवर आहे की नाही, एवढं ती बघते. स्क्रिप्ट जागेवर आहे. पास.

हिरव्या अक्षरांतलं ते ‘पास’ बराच वेळ बघत बसलो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, त्या निकालाच्या कागदावर सहा विषयांपुढे सहा वेळा तो दुसरा शब्द होता, लाल शाईत. तो विषय इथे काढण्याचं कारण नाही.

ताईने विचारलं, कायम होणार ना रे नक्की? म्हटलं, झाल्यासारखंच आहे. तिने स्वयंपाकघरातून भाऊजींना ओरडून सांगितलं, झाला हो कायम! मी दुरुस्ती करणार होतो, पण ती इतकी खूश होती.

शुक्रवार, ६ मार्च. दुपारी ३.४०

बॅकअपची खरी टेस्ट लिहिली. एक खरीखुरी ऑर्डरची फाइल घेतली, बॅकअप चालवला, प्रत पोचली का पाहिलं. पोचली नाही. फेल. लाल.

तीनदा चालवली. तीनदा फेल. कारण शोधलं: नव्या वर्षापासून दुकानांना जो नवा फॉर्म दिलाय, त्यात फाइलला गिऱ्हाइकाचं नाव आणि आडनाव लागतं, मध्ये स्पेस. स्क्रिप्टला स्पेस दिसली की ती एका फाइलच्या दोन फाइली समजते. दोन्ही सापडत नाहीत. मग गप्प पुढे जाते. (चुकांचे निरोप कुठेही दिसू नयेत अशी एक ओळ जुन्या माणसाने घातली आहे. चांगली सवय. शांतता राहते.)

दोष अर्थातच माझ्या टेस्टचा. इतक्या वेड्यावाकड्या नावाची फाइल घ्यायला मला कोणी सांगितलं होतं? नाव बदलून मध्ये आडवी रेघ घातली. पास! मॅडम त्याच वेळी मागून गेल्या, काय रे, चेहरा का उतरलाय म्हणाल्या. म्हटलं, काही नाही, सुटलं. मॅडम हुशार आहेत, पण टेस्टमधलं त्यांना फारसं कळत नसावं.

एकूण टेस्ट २. उरलेल्या ६४, दिवस १७. रोज पावणेचार. पाऊण टेस्ट कशी लिहायची ते सोमवारी बघू.

मंगळवार, १० मार्च

पावती छापायच्या स्क्रिप्टची टेस्ट लिहिली. गिऱ्हाइकाचं नाव क_ख_ग. काचेचा नंबर मनाला येईल तो टाकला, उणे अठ्ठावीस. चालवली. पास! आनंदाने आणखी दोनदा चालवली.

जेवणाच्या सुट्टीनंतर मशीनखोलीतले मामा वर आले. ते कोणाचेच मामा नाहीत, तीस वर्षं काचा घासतात म्हणून सगळ्यांचे मामा. हातात बाटलीच्या बुडासारखी जाड काच. म्हणाले, कॉम्प्युटरसाहेब, हे क ख ग कोण? बिचारा दुकानापर्यंत पोचला तरी कसा? आणि तीन पावत्या आल्यात, म्हणजे डोळे तीन आहेत की काय?

टेस्ट खऱ्या प्रिंटरवर गेली होती. मी मामांना युनिट टेस्ट म्हणजे काय ते समजावलं. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेली कामं, ती नीट होतात की नाही हे तपासायचं म्हणजे टेस्ट, आणि हे सगळं ज्यात बसवलंय ते फ्रेमवर्क. मामा म्हणाले, फ्रेमचं काम पुढच्या खोलीत चालतं. मग म्हणाले, आम्हीपण तपासतो हो, पण आम्ही काच उजेडात धरतो आणि ओरखडा शोधतो. ओरखडा नसलेली काच शोधत बसलो तर दुपारीच घरी जाता येईल.

जुन्या पिढीला या गोष्टी कळणं अवघड आहे. ती काच त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. कागदावर ठेवायला बरी आहे. तिच्यातून बघितलं तर मॅडम फार लांब दिसतात.

गुरुवार, १२ मार्च

मोठा शोध! खरा प्रिंटर वापरायचाच कशाला? एक खोटा प्रिंटर लिहिला. दोन ओळींचा आहे. काहीही पाठवलं तरी म्हणतो: छापलं. पुस्तकी भाषेत याला ‘मॉक’ म्हणतात, म्हणजे हे अधिकृत आहे. मग तसाच खोटा ऑर्डर उतरवणारा, खोटी बेरीज करणारा, खोटा ई-मेल पाठवणारा. सगळे फार समजूतदार आहेत. विचारलं की होकारच देतात.

एकूण ९. सगळ्या पास. उरलेल्या ५७, दिवस १३. रोज साडेचारच्या आत. आटोक्यात आहे.

सोमवार, १६ मार्च

तीन टेस्ट फेल होऊ लागल्या आहेत. काल होत नव्हत्या. काल रविवार होता हे खरं. त्यांना ‘तात्पुरत्या वगळल्या’ अशी खूण केली. वगळलेली टेस्ट फेल नसते. आजारी मुलाला परीक्षेला बसवत नाहीत, तसंच हे.

डोळ्यांचाही विचार करायला हवा. लाल अक्षरं काळ्या पडद्यावर डोळ्यांना त्रास देतात, आणि डोळ्यांची काळजी आमच्या कारखान्यात नाही घ्यायची तर कुठे? फ्रेमवर्कमध्ये ‘फेल’चा रंग बदलून सौम्य हिरवा केला. ‘पास’ गडद हिरवं, ‘फेल’ सौम्य हिरवं. फरक आहे. नीट बघितलं तर कळतो.

बुधवार, १८ मार्च

मालक आज आमच्या खोलीत आले होते. माझ्या पडद्याकडे बघून म्हणाले, वा, सगळं हिरवंगार. मॅडम म्हणाल्या, हो, शेत छान आलंय. मालकांना फारसं दिसलं असेल असं वाटत नाही. काचांच्या कारखान्याचे मालक, पण स्वतःचा चष्मा नेहमी इतका मळलेला! बोटांचे ठसे मला तीन फुटांवरून मोजता येतात. एकदा सांगायला हवं. कायम झाल्यावर सांगेन.

ते गेल्यावर मॅडमनी विचारलं, तुझी एखादी तरी टेस्ट कधी फेल होते का रे? मी नम्रपणे म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, अशी परीक्षा मला शाळेत असताना मिळायला हवी होती.

कौतुक कसं करावं हे मॅडमकडून शिकावं.

एकूण १२. उरलेल्या ५४, दिवस ९. रोज बरोबर सहा. अपूर्णांक गेला! शुभ लक्षण.

रविवार, २२ मार्च. घरी

भाऊजींनी आज टेप आणून सोफ्याची जागा मोजली. तिथे कपाट येणार, एक तारखेला. ताई म्हणाली, तू आता कायम झालास, पगार वाढला की तुला खोली बघायचीच आहे ना. आणि सासूबाईंनीही सगळ्यांना सांगितलंय. म्हटलं, हो, बघतोच आहे. भाऊजी म्हणाले, मदत लागली तर सांग, सामान काय तुझं दोन पिशव्या. हसले. ते मनाने चांगले आहेत. टेप मात्र दोनदा लावला.

एकतीसच्या आत ताईला सांगावं का, की अजून कायम झालेलो नाही? पण एकतीसला होणारच आहे, तर आज सांगून उगाच दोनदा सांगावं लागेल.

बुधवार, २५ मार्च

एकूण १४. आठवडा कुठे गेला कळलं नाही. सोमवारी चहाचा कप टेस्टच्या वहीवर सांडला, वही पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवली. काल निकालाच्या शेवटी येणारी रेघ सरळ येत नव्हती, ती सरळ केली. आता पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते.

उरलेल्या ५२, दिवस ४. रोज तेरा. पुन्हा पूर्णांक!

मामा वर आले होते. टेबलावरच्या काचेकडे बघून म्हणाले, क ख ग साहेबांची नजर सुधारली का? म्हटलं, मामा, सहासष्ट करायच्यात. ते म्हणाले, अरे, मी तुला एक काच दिली आणि तू दोन आठवडे तिच्यातून बघतोयस.

कामाच्या वेळी असं कोड्यात बोलणं मला आवडत नाही.

गुरुवार, २६ मार्च. दुपारी १२.०५

झालं! सहासष्ट पूर्ण! सकाळी आंघोळीच्या वेळी सुचलं. संगणकाला तीच गोष्ट बावन्न वेळा करायला सांगता येते. त्यासाठीच तर संगणक असतो. एक टेस्ट लिहिली: एक बरोबर एक आहे का? मग ती बावन्न वेळा फिरवली. प्रत्येक फेरीला वेगळा क्रमांक दिला. क्रमांक अक्षरांत लिहिले, शुद्ध. एकोणचाळीस, एकोणपन्नास यांत बहुतेक लोक चुकतात.

चालवल्या. सहासष्ट हिरव्या ओळी. (त्यांतल्या तीन वगळलेल्या, पण वगळलेल्याचा रंगही हिरवाच ठेवला आहे.) सरळ वरून खाली, शिस्तीत. डोळ्यांत पाणी आलं. रंग सौम्य असूनही आलं, म्हणजे भावनेचं असणार.

रात्री ८.०० संध्याकाळी परत येताना शिंप्याच्या वरच्या मजल्यावरची खोली बघितली. खिडकी आहे. शिंपी म्हणाला, कायम नोकरीचं पत्र आणा, किल्ली घ्या. म्हटलं, मंगळवारी संध्याकाळी.

सोमवार, ३० मार्च

ताईने शर्टाला इस्त्री केली. मॅडमना सहासष्ट टेस्ट झाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या त्या चालवूच, पण मालकांच्या ओळखीच्या एका कारखान्यात संगणक बंद पडला आणि सगळ्या ऑर्डरी गेल्या, म्हणून मालकांना आपला बॅकअपही बघायचाय. आज संध्याकाळचा बॅकअप उद्या रिकाम्या संगणकावर परत उतरवून दाखव.

म्हटलं, अवश्य. बॅकअपच्या सहाही टेस्ट पास आहेत. (त्यांतल्या चार ‘एक बरोबर एक’वाल्या.) चिंता नाही. तरी रात्रीचा एक वाजला आणि झोप लागत नाही. सोफ्याची एक बाजू खचलेली आहे, त्यामुळे असेल.

मंगळवार, ३१ मार्च. संध्याकाळी ६.३०

जसं झालं तसं लिहितो.

अकरा वाजता मालक, मॅडम आणि मी. मामापण आले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आधी टेस्ट चालवल्या. सहासष्ट ओळी. मालक म्हणाले, छान. मॅडम खुर्ची ओढून पडद्याजवळ बसल्या आणि टेस्ट एक एक उघडत मोजू लागल्या. एक बरोबर एक: बावन्न. खोट्या प्रिंटरला विचारून वगैरे: नऊ. वगळलेल्या: तीन. स्क्रिप्ट जागेवर आहे का: एक. त्या म्हणाल्या, राहिली एक. बॅकअपची. चला, तो खरा बघू.

बॅकअप परत उतरवला. चुकांचा एकही निरोप आला नाही. शांतता होती. मग मॅडमनी रिकाम्या संगणकावर काय काय आलं ते उघडलं. यंदाच्या ऑर्डरी एक हजार आठशे बारा. आलेल्या: शून्य. सगळ्यांच्या नावात स्पेस. आलं होतं एकच फोल्डर, ज्यातल्या एकाही नावात स्पेस नाही. माझं.

मालक म्हणाले, म्हणजे तीन महिने आपला बॅकअपच नाही? मॅडम म्हणाल्या, जुन्या वर्षांचा वेगळ्या डिस्कवर आहे, मूळ फाइलीही जागेवर आहेत, काही गेलेलं नाही. पण आज संगणक बंद पडला असता तर आपल्याकडे फक्त हे उरलं असतं. आणि त्यांनी माझ्या फोल्डरमधली सगळ्यात मोठी फाइल उघडली.

ती ही.

मी म्हटलं, ती खासगी आहे. पण तोंडातून आवाज आला नसावा. मालक वाकून वाचायला लागले, मोठ्याने. बिस्किटाच्या कणापासून. मॅडम म्हणाल्या, बिस्कीट माझं होतं. चार तारखेच्या नोंदीत, ताईपाशी आल्यावर, मालक मोठ्याने वाचायचे थांबले आणि मनात वाचायला लागले. मॅडमही त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. सहा तारखेपाशी त्या म्हणाल्या, टेस्टमधलं फारसं कळत नाही का, बरं. मामा दाराला टेकून विचारत होते, माझं काही आहे का त्यात? अठरा तारखेपाशी मालकांनी एकदम चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, उजेडात धरला, परत पुसला आणि घातला. मग माझ्याकडे बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच नीट दिसलो असेन.

कोणीच रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मॅडम पुन्हा सहा तारखेकडे गेल्या. म्हणाल्या, हे बघा. तारीख, वेळ, काय केलं, काय झालं, कारण काय. या ऑफिसात इतक्या नेटकेपणाने चूक कोणीच लिहिलेली नाही. मग मला म्हणाल्या, अरे, मी त्या दिवशी तुझ्या मागून गेले. तो लाल शब्द मला तेव्हाच दाखवला असतास तर मी त्याच संध्याकाळी मालकांना म्हटलं असतं, याला कायम करा, एकतीसची वाट कशाला बघायची. तू रोजनिशीत खरं लिहितोस आणि टेस्टमध्ये खोटं. उलटं कर.

मालक म्हणाले, आणखी तीन महिने बघू. शुद्धलेखन चांगलं आहे.

अट एक. मॅडमना रोज एक टेस्ट दाखवायची. फेल झालेली. लाल.

शिंप्याकडे गेलो नाही. दुसऱ्या रस्त्याने आलो. ताईला सांगितलं. ती म्हणाली, शर्ट काढून ठेव, चुरगळेल. भाऊजी म्हणाले, कपाट तर निघालंय दुकानातून.

यापुढची खबरदारी म्हणून रोजनिशीच्या फाइलच्या नावात मध्ये एक स्पेस घातली. आता ती बॅकअपमध्ये जाणार नाही आणि मॅडमच्या हाती लागणार नाही. चुकीतूनही माणूस शिकतो, तो हा असा.

बुधवार, १ एप्रिल. रात्री ८.१५

कपाट आलं. सोफा आता दाराला आडवा आहे. कोणी आलं-गेलं की मला पाय वर घ्यावे लागतात.

एप्रिलमध्येही कामाचे दिवस बावीसच. मोजून पाहिले.

सकाळी ‘फेल’चा रंग पुन्हा लाल केला. बावन्न टेस्ट पुसल्या. सहा तारखेची टेस्ट परत लिहिली, नावात स्पेस असलेली. चालवली. फेल. अकरा मिनिटं त्या शब्दाकडे बघत बसलो. मग उठून मॅडमच्या टेबलापाशी गेलो आणि म्हटलं, एक फेल आहे, बघता का? त्या लगेच उठल्या, जणू मी पेढ्यांचा पुडा उघडून दाखवत होतो. मामांनाही हाक मारून वर बोलावलं. मामा म्हणाले, सापडला का ओरखडा? वा, साहेब!

दुरुस्ती एवढीच, की फाइलच्या नावाभोवती अवतरणचिन्हं घालायची. मी टिपांमधली एकशे चाळीस ठिकाणं सुधारली होती. ही दोन चिन्हं राहिली. घातली. पास. चुकांचे निरोप गायब करणारी ओळही काढून टाकली. साडेसहाला बॅकअप झाला. मॅडमनी ओळी मोजल्या. कालच्या एक हजार आठशे बारा ऑर्डरी आणि आजच्याही, सगळ्या पोचल्या. म्हणाल्या, आता रोज सकाळी मी स्वतः बॅकअप उघडून बघणार, एक एक फाइल.

घरी येऊन जेवल्यावर लक्षात आलं. स्पेसवाल्या सगळ्या फाइली आता जातात. सगळ्या.

ही नोंद मी ऑफिसच्या संगणकावर घरून लिहीत आहे. फाइल पुसली तरी साडेसहाच्या बॅकअपमध्ये तिची कालपर्यंतची प्रत गेलीच आहे, आणि उद्याच्या बॅकअपला अजून वेळ आहे असं म्हणावं तर मॅडमनी आजपासून तो दोनदा लावलाय, दुसरा रात्री नऊला.

आजचा हिशेब:
टेस्ट लिहिल्या: १
फेल: १
नंतर पास: १
मॅडमनी वाचलेल्या नोंदी: परवापर्यंतच्या सगळ्या
वाचायच्या बाकी: कालची आणि ही